वाटेवर कोणी बूट काढतं का?

पाऊस पडत होता याबद्दल माल्कम ट्रेडगोल्डची काही तक्रार नव्हती. ऑगस्ट महिना, यॉर्कशरचे डोंगर आणि नाताळातच ठरवून ठेवलेली सुट्टी, असं सगळं जुळून आल्यावर पाऊस पडला नसता तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं. त्याची तक्रार माणसांबद्दल होती. एकूणच मनुष्यजातीबद्दल, आणि त्यातही त्याच्या मागून रांगेने, तोंडं पाडून चालणाऱ्या तीन बायकांबद्दल: बायको हिलरी, मुलगी टॅम्सिन आणि सासूबाई विनिफ्रेड.

बेत तरी असा काय मोठा होता? पश्चिमेच्या समुद्रात बुटांची टोकं बुडवायची, देश आडवा चालत जायचं आणि पूर्वेच्या समुद्रात तीच टोकं परत बुडवायची. दरवर्षी कितीतरी लोक करतात. म्हातारे करतात, पाद्री करतात, गुडघे बदलून घेतलेले लोक करतात. अट एकच, आणि ती माल्कमने स्वतः घातलेली: गाडीत पाय ठेवायचा नाही आणि नकाशातली वाट सोडायची नाही. मधेच बस पकडून पुढे जाणाऱ्या आणि वर 'आम्ही चाललो' म्हणून सांगत सुटणाऱ्या लोकांबद्दल माल्कमचं जे मत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिवाय माल्कम म्हणजे काही असातसा चालणारा नव्हता. रेडिंगच्या पाऊलवाट बचाव मंडळाचा तो चिटणीस होता. शेतांतून, कुरणांतून, वेळ पडली तर लोकांच्या अंगणांतून ज्या जुन्या वाटा जातात त्यांवरून चालायचा हक्क सगळ्या जनतेला आहे, आणि जमीनमालक नावाचा प्राणी तो हक्क गिळायला कायम टपलेला असतो, अशी मंडळाची पक्की समजूत. मंडळात माणसं मोजकी आणि त्यातली निम्मी कानाने अधू. पण कुठल्या शेतकऱ्याने फाटकाला कुलूप घातलं की मंडळाचं पत्र गेलंच म्हणून समजा. ती पत्रं माल्कम लिहायचा. चांगली खडसावून लिहायचा. एरवी तो ज्या बँकेत नोकरीला होता तिथे कोणी त्याला विचारत नसे, पण कुलूपवाल्या शेतकऱ्यांमध्ये त्याचं थोडंफार नाव होतं.

निघायच्या आधी सगळ्या गल्लीने सल्ले दिले. शेजारचा रॉड्नी पर्किन्स कुंपणावरून मान काढून म्हणाला, "मोज्यांच्या दोन जोड्या घाल. आतली उलटी." समोरच्या मिसेस गफ म्हणाल्या, "मोजे मुळीच नकोत. बोटांत लोकर कोंबायची. आमचे हे तसंच करायचे." त्यांचे हे पन्नाशीतच गेले होते, पण ते पायांमुळे नव्हे, हेही त्यांनी लगोलग सांगून टाकलं. औषधाच्या दुकानातला माणूस तळव्यांना स्पिरिट चोळायला सांगत होता आणि चर्चमधला घंटा वाजवणारा, चरबी. लोक एवढ्या आपुलकीने सांगतात तर नाही कसं म्हणायचं, म्हणून माल्कमने सगळ्यांचं सगळं केलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या टाचांना फोड आले. तिघींनी कोणाचंच ऐकलं नव्हतं आणि त्यांच्या पायांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. सासूबाई तर बागकामाचे बूट घालून आल्या होत्या. याचाही माल्कमला राग होता.

तर त्या दिवशी सकाळी, मुक्कामाच्या घरी न्याहारी करता करता, हिलरीने अंड्यावर मीठ भुरभुरवत विषय काढला.

"माल्कम, हॅगवर्थ गावातून आज चार वाजता स्टेशनची बस आहे."

"असेल."

"आम्ही तिघींनी ठरवलंय. आजचा दिवस कालच्यासारखा, परवासारखा आणि तेरवासारखा गेला, तर आम्ही त्या बसमध्ये बसणार. तू जा तुझ्या समुद्राला."

"अगं पण आता चार-पाच दिवसांचीच तर वाट राहिलीय!"

"तेच म्हणतेय मी. अजून चार-पाच दिवस!"

"बाबा, माझ्या पिशवीत सगळे कपडे ओले आहेत," टॅम्सिन म्हणाली. "कोरडा असा एक पोहायचा पोशाख तेवढा राहिलाय."

सासूबाईंनी मुरंब्याची बाटली जवळ ओढली. त्या टोस्टवर मुरंबा लावत होत्या.

माल्कमला राग आला, आणि रागाखाली भीती वाटली. टॅम्सिन सप्टेंबरात विद्यापीठात जाणार होती, तीही स्कॉटलंडच्या पार टोकाला. त्याहून लांबचं तिला सापडलं नसावं. पुढच्या उन्हाळ्यात ती मैत्रिणींबरोबर स्पेनला जाईल, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोणाबरोबर जातेय ते सांगणारसुद्धा नाही. चौघांनी मिळून करायची ही शेवटची गोष्ट, आणि ती काय हॅगवर्थच्या बसथांब्यावर संपवायची? पण हे तो कोणाला बोलला नव्हता. ट्रेडगोल्डांच्या घरात असलं काही कोणी बोलत नसे. माल्कमने त्याऐवजी नकाशे विकत आणले होते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आजचा दिवस असा घालवू की तुम्हीच म्हणाल." काय म्हणाल, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सकाळभर तो कमालीचा गोड वागला. दर टेकाडावर थांबून, ढगांतला त्यातल्या त्यात कमी काळा ढग निवडून त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ते बघा, तिकडे उघडतंय!" पावसाळी सुट्टीत कर्त्या माणसाला हे म्हणावंच लागतं आणि बाकीच्यांना 'हो की' म्हणावं लागतं. पहिल्या खेपेला तिघींनी 'हो की' म्हटलं. दुसऱ्या खेपेला एकट्या हिलरीने म्हटलं. तिसऱ्या खेपेला एक मेंढी काय ती ओरडली.

दुपारचं खाणं डोंगरमाथ्यावर घ्यायचं असं ठरलेलं होतं. आता ठरलेलं म्हणजे ठरलेलं. दगडी भिंतीच्या आडोशाला चौघं ओळीने बसली, दरीकडे तोंड करून. "इथून सगळं खोरं दिसतं," माल्कम म्हणाला. समोर पांढरंफेक धुकं होतं. तरी चौघं त्याच्याकडे बघत अंड्याची सँडविचं खात राहिली. पावात पाणी शिरून त्याची पेज झाली होती. थर्मासमधला चहा कितीही प्यायला तरी कप भरलेलाच राहत होता, फक्त दर घोटाला जरा गार होत होता.

"छान आहे," हिलरी म्हणाली. हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज माल्कम लग्नापासून ओळखत होता. त्याने गुपचूप कप उपडा केला.

आणि त्यानंतर उतारावर ती पाटी लागली.

वाटेला तिथे दोन फाटे होते. सरळ जाणारा फाटा कुरणात शिरून दिसेनासा होत होता. उजवीकडचा म्हणजे चांगला खडी टाकलेला, रुंद, घट्ट गाडीरस्ता. खाली हॅगवर्थची घरं आणि खाणावळीच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसत होता. भिंतीवर पाटी होती: 'पादचाऱ्यांना विनंती. पुढे दलदल आहे. कृपया या रस्त्याने जावे. आभारी आहोत.' खाली बाण.

"अरे वा!" हिलरी म्हणाली. दिवसभरातला तिचा हा पहिला मनापासूनचा उद्गार. "अर्ध्या तासात पोचू. गरम सूप मिळेल."

"थांबा," माल्कम म्हणाला. "वाट सरळ आहे. नकाशात सरळ आहे. हा बाण कोणी लावला?"

"कोणीतरी भल्या माणसाने, बाबा."

"भला माणूस कधी 'कृपया' लिहीत नाही. 'कृपया' लिहिलं की समजावं, काहीतरी लाटायचा बेत आहे. आज बाण, उद्या फाटक, परवा कुलूप. आणि मग हेच म्हणणार, इथे वाट होतीच कुठे?"

"'आभारी आहोत' पण लिहिलंय रे," हिलरी म्हणाली.

"बघ! म्हणजे बघ!"

सासूबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं आणि त्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. माल्कमने प्लास्टिकच्या पिशवीतला फोन पिशवीसकट कानाला लावला आणि वाटांच्या सरकारी कचेरीला तक्रार करायला घेतली. आधी बराच वेळ सनई की काय ती वाजली. मग एक थकलेला आवाज आला.

"पाटी भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे, साहेब? पूर्वेच्या की पश्चिमेच्या?"

"भिंतीवरच आहे."

"मग पंचाईत आहे. पूर्वेकडचं आम्ही बघतो, पश्चिमेकडचं दुसरी कचेरी बघते. भिंतीचं कोण बघतं ते अजून ठरायचंय."

"अहो पण वाट अडवलीय इथे!"

"कुलूप घातलंय का?"

"नाही."

"तार?"

"नाही. विनंती केलीय."

"विनंतीची तक्रार आम्ही घेत नाही, साहेब. तुमच्याकडे पाऊस आहे का?"

"आहे!"

"इकडे उघडतंय," आवाज म्हणाला आणि फोन बंद पडला.

माल्कमच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने डोक्यावरची टोपी खाली ओढली आणि सरळ वाट धरली. मागे बुटांचे आवाज येतायत का, हे त्याने मान न वळवता ऐकलं. येत होते. नाखुशीने, पण येत होते.

पहिलीच भिंत लागली तिच्यात, माणूस जाईल पण मेंढी जाणार नाही अशा बेताने, दोन उभ्या दगडांमध्ये फट ठेवलेली होती. सासूबाई आडव्या होऊन सुळकन पलीकडे गेल्या. टॅम्सिन गेली, हिलरी गेली. माल्कम सगळ्यांची पाण्याची बाटली, सगळ्यांचा औषधाचा डबा, नकाशे आणि वरून तंबूएवढी बरसाती घेऊन आत शिरला, आणि बसला. म्हणजे बूच बसावं तसा बसला. पुढे होईना, मागे होईना. पलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबून बघायला गोळा झाल्या.

"श्वास सोड," हिलरी म्हणाली.

"सोडलाय!"

"मग पोट आत घे."

"घेतलंय!"

"हे आत घेतलेलं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांनी काठी टॅम्सिनकडे दिली आणि जावयाचा एक हात धरला. "सकाळी सॉसेज परत मागून घेतलीस तेव्हाच माझ्या मनात आलं होतं."

तिघींनी मिळून ओढल्यावर माल्कम बाहेर आला. बरसाती आली नाही. तिचा अर्धा भाग त्या फटीतच राहिला. इतका अपमान त्याचा बँकेतसुद्धा कधी झाला नव्हता. एक मेंढी तर जाता जाता शिंकली, आणि ते मुद्दाम होतं असं त्याचं आजही म्हणणं आहे.

पाटीवर दलदल लिहिली होती आणि दलदल होती. हिलरीचा पाय गुडघाभर आत गेला आणि नुसत्या मोज्यावर बाहेर आला. माल्कम पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून चाचपडला. "सापडला!" म्हणून त्याने बूट वर काढला. तो हिलरीचा नव्हता. कोणा जुन्या पादचाऱ्याचा, पुरुषाचा, शेवाळ धरलेला बूट होता तो.

"बघितलंस?" माल्कम चिखलात गुडघ्यावर बसून ओरडला. "म्हणजे वाट वापरात होती! पुरावा आहे हा!"

हिलरी एका पायावर उभी होती. ती इतक्या शांतपणे त्याच्याकडे बघत होती की त्याने पुरावा परत चिखलात टाकला आणि मुकाट्याने तिचा बूट शोधून दिला. बूट घालून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "चारची बस."

दलदल संपली तिथे एक शेतघर होतं. नकाशातली हिरवी तुटक रेघ घराच्या मागून येऊन, घर आणि गोठा यांच्यामधल्या बोळातून पुढच्या अंगणात निघत होती आणि तिथून खाली गावात. पण माल्कम जवळ येऊन बघतो तर बोळ गायब! बोळाच्या जागी एक काचेची खोली उभी होती. या घराच्या भिंतीपासून त्या गोठ्याच्या भिंतीपर्यंत. आत वेताच्या खुर्च्या, कुंड्या, शेगडी. भर सार्वजनिक वाटेवर शेगडी!

इतकी वर्षं पत्रं लिहिली, पण असा उघडा, धडधडीत, काचेतून आरपार दिसणारा अन्याय माल्कमने पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं. त्याने घसा साफ केला आणि दार ठोठावलं.

दार एका जाडजूड म्हातारीने उघडलं. पुढे एप्रन, हाताला पीठ. ती मिसेस ॲल्डरसन.

"आगं बाई, केवढी भिजलात! या, या आत. बूट काढा अन् या."

"मॅडम," माल्कम म्हणाला, "ही सार्वजनिक वाट आहे."

"हाय की. माझ्या सासऱ्याच्या बापापासनं हाय."

"तुम्ही तिच्यावर खोली बांधली आहे."

"बांधली. गुडघे धरतात माझे, जरा उन्हात बसायला बांधली. पण वाट कुणाची अडवली नाही हो. ह्या दारानं यायचं, त्या दारानं जायचं. समोरच्या दाराला कडीसुद्धा लावत नाही मी. तेवढे बूट काढा, गालिचा नवा हाय."

माल्कम गोंधळला. भांडायला कंबर कसून यावं आणि समोरच्याने भांडूच नये, याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं. त्याने स्वतःला सावरलं.

"मॅडम, वाटेवर कोणी बूट काढतं का?"

"चिखल असला की काढतात."

"हे पाहा. मी बूट काढले म्हणजे हे घर आहे असं मी मान्य केलं. घर म्हटलं की मी पाहुणा. पाहुणा आला म्हणजे तुमच्या मर्जीने आला. आणि तुमची मर्जी आली की जनतेचा हक्क गेला! हा दोन बुटांचा प्रश्न नाही."

मिसेस ॲल्डरसनने त्याच्या बुटांकडे पाहिलं. "दोनाचाच दिसतोय बाळा मला तर."

मागे नाड्या सोडल्याचा आवाज आला. माल्कम वळला. तिघींनी बूट काढून, जोडीने, भिंतीला टेकवूनसुद्धा ठेवले होते.

"हिलरी!"

"माल्कम, माझे पाय आहेत की गेले ते मला कळत नाहीये. जनतेचा हक्क तू सांभाळ."

"सरक जरा," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या काखेखालून आत गेल्या.

म्हातारी दार लावता लावता थबकली. "तुला चहा आणून देऊ का इथंच?"

"छे छे, नको, नको. मी अगदी ठीक आहे."

आता रेडिंगमध्ये हे असंच म्हणतात. पहिल्यांदा नको म्हणायचं. मग यजमानाने आग्रह करायचा. मग अगदीच तुमचं मन मोडवत नाही म्हणून घ्यायचा. माल्कमला चहा इतका हवा होता की त्याच्या दाढा दुखत होत्या. त्याने नम्रपणे दुसऱ्या आग्रहाची वाट पाहिली.

"बरं," मिसेस ॲल्डरसन म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर जे झालं ते सगळं माल्कमला काचेतून बघावं लागलं. वरची पन्हळ नेमकी त्याच्या मानेवर गळत होती. आत हिलरीचे मोजे शेगडीवर वाळत घातले गेले. फळांचा केक आला, जाड कापांचा, वर चीजचा तुकडा. सासूबाईंनी दुसरा काप घेतला, आणि त्यांना दुसऱ्यांदा आग्रह झाला होता असं काही त्याला दिसलं नाही. टॅम्सिन काहीतरी सांगत होती, हात पसरून, पोट फुगवून. तो फटीत अडकलेला माणूस कोण हे ओळखायला आवाज ऐकू यायची गरज नव्हती. चौघी हसून लोटपोट झाल्या. टॅम्सिन अशी हसताना त्याने या सबंध चालण्यात पाहिलं नव्हतं. आणि आज हसली तर काचेपलीकडे, आणि त्याच्यावर!

त्याने काच ठोठावली. हिलरीने दार किलकिलं केलं.

"किती वेळ अजून?"

"यांचा पुतण्या व्हॅन घेऊन खाली चाललाय, माल्कम. बसपर्यंत सोडतो म्हणालाय." हे ती रागाने म्हणाली असती तर त्याला चाललं असतं. ती अगदी मायेने म्हणाली.

दार लागलं. माल्कमचं पित्त खवळलं. वाटेत अडथळा असेल तर पादचाऱ्याने जवळात जवळच्या बाजूने वळसा घालावा, असा कायदा आहे. हा कायदा त्याने कितीतरी पत्रांत लिहिला होता. त्याने घातला वळसा. जवळात जवळची बाजू गोठ्यामागून होती. तिथे आधी कमरेएवढी खाजरी झुडपं होती, आणि त्यांच्यापुढे वर्षभराचं शेणखत, वरून घट्ट दिसणारं. तो कमरेपर्यंत आत गेला. पण थांबला नाही. हात वर करून, ओठ आवळून, एकेक पाय उपसत तो पलीकडे निघाला आणि ताठ मानेने पुढच्या अंगणात येऊन उभा राहिला. बूट पायात होते.

अंगणात पांढरी व्हॅन सुरूच करून ठेवलेली होती. पुढच्या दाराबाहेर तिघी हातातून आणलेले बूट चढवत होत्या, गाल गुलाबी, मोजे कोरडे. माल्कमने व्हॅनकडे पाहिलं, मग तिघींकडे. आणि का कोण जाणे, त्याचा सगळा राग एकदम ओसरला. उरली ती नुसती भीती होती.

"जा तुम्ही," तो म्हणाला. "खरंच जा. मी काही बोलणार नाही. पोचलो की फोन करीन." त्याने खोकून घेतलं.

टॅम्सिन त्याच्या कमरेखालच्या भागाकडे बघत होती. "बाबा, तू आलास कुठून?"

"गोठ्यामागून."

"म्हणजे वाटेवरून नाही."

"अडथळा असेल तर कायद्याने..."

"अडथळा कुठे होता? दार उघडं होतं." तिने त्याच्या गळ्यातला नकाशा ओढून बोट ठेवलं. "ही रेघ बघ. अशी येते, अशी खोलीतून जाते. आम्ही मागच्या दाराने शिरलो, पुढच्या दाराने निघालो. समुद्रापासून इथपर्यंत आमचं एक पाऊल वाट सोडून पडलेलं नाही. आईचं नाही, आजीचं नाही, माझं नाही." तिने वर पाहिलं. "तुझं पडलं."

पाऊलवाट बचाव मंडळाच्या चिटणिसाला हे कोणी ऐकवावं, तर पोटच्या मुलीने! आणि वाईट म्हणजे ते बरोबर होतं.

"मी काही त्या व्हॅनमध्ये बसायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"शहात्तराव्या वर्षी एवढं चालून आले ती काय व्हॅनमध्ये बसायला? मला त्या समुद्रात बूट बुडवायचेत. तुम्हाला घरी जायचं तर खुशाल जा."

"अगं आई, सकाळी तर आपण ठरवलं होतं!"

"तू ठरवलंस. मी मुरंबा लावत होते. विचारलंस का मला?"

हिलरीने टॅम्सिनकडे पाहिलं. टॅम्सिनने खांदे उडवले. "आता एवढं सगळं बिनचूक आलोय तर मी नाही सोडणार. त्यातून बाबाचं चुकलंय आणि आपलं नाही. हे मला जन्मभर पुरेल."

हिलरी व्हॅनच्या खिडकीशी गेली. "माफ करा हं. आम्ही चालतच जातो."

"बरं," पुतण्या म्हणाला आणि निघून गेला. यांच्या घराण्यात आग्रहाची पद्धतच नसावी.

माल्कमला एकदम भरून आलं. येत होत्या! तिघीही येत होत्या! त्याने नकाशाची घडी घातली, पट्टा आवळला. "चला तर मग! अजून उजेड आहे तोवर..."

"तू कुठे निघालास?" सासूबाईंनी काठी आडवी धरली. "तुझा तुकडा राहिलाय."

"आई, अहो..."

"नियम तुझा आहे. जा मागे आणि नीट वाटेने ये. तोवर आम्ही थांबतो."

दाद मागायला कोणी नव्हतं. कचेरी कुठल्या बाजूची ते ठरायचं होतं. माल्कम आला तसाच परत गेला, शेणखतातून आणि खाजऱ्या झुडपांतून, आणि त्याने मागचं दार ठोठावलं.

मिसेस ॲल्डरसनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खाली नजर बराच वेळ राहिली.

"बूट," ती म्हणाली.

त्याने नाड्या सोडल्या. बूट भिंतीला टेकवले. जोडीने.

"अन् विजार."

"मॅडम!"

"गालिचा नवा हाय बाळा."

वाटांच्या इतिहासात पादचाऱ्याकडे ही मागणी कोणी केली नसेल. माल्कमने विजार उतरवली. मिसेस ॲल्डरसनने दारामागच्या खुंटीवरून एक एप्रन काढून त्याच्या हातात दिला, निळा, मोठमोठ्या फुलांचा. तो बांधून, पायांत ओले मोजे, बूट हातात धरून, माल्कम ट्रेडगोल्ड त्या सार्वजनिक वाटेवरून चालू लागला.

समोरच्या काचेला तीन नाकं चिकटली होती. पाऊस वाढला होता. तिघींच्या टोप्यांवरून पाणी निथळत होतं. टॅम्सिन हसता हसता वाकली होती, पुन्हा उभी राहत होती आणि पुन्हा वाकत होती. सासूबाई काठीने काचेवर टकटक करून 'लवकर, लवकर' अशी खूण करत होत्या. खाली गावात चारची बस भोंगा वाजवून निघाली. तिघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही.

शेगडीपाशी येऊन माल्कम थांबला.

"चहा घेणार?" मागून मिसेस ॲल्डरसनने विचारलं.

"हो," माल्कम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच पहिल्या विचारण्याला म्हणाला. "केकही घेईन."

तो वेताच्या खुर्चीवर बसला, गुडघ्यावर एप्रन नीट केला आणि काचेकडे तोंड केलं. तिघी बाहेर पावसात उभ्या होत्या. चिडल्या होत्या, ओरडत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. पण थांबल्या होत्या. चहा फार गरम होता. माल्कमने त्यावर फुंकर घातली आणि अगदी सावकाश प्यायला सुरुवात केली.